कोंडलेल्यांसाठीचा पैसा कोणाच्या हातून जातो

तुरुंगात, पोलीस कोठडीत किंवा एखाद्या बालगृहात लैंगिक अत्याचार झाल्याची बातमी आली की ठरलेल्या मागण्या पुढे येतात. कोणी म्हणते, नराधमांना फाशी द्या. कोणी म्हणते, सगळीकडे कॅमेरे बसवा, सरकारने निधी वाढवावा. आणि बरेच जण उघड बोलत नाहीत, पण मनात म्हणतात की आत गेलेल्याचे असेच व्हायचे. ही तिसरी भावना क्रूर आहे हे सांगावे लागत नाही. पण पहिल्या दोन मागण्या सद्हेतूने केलेल्या असल्या तरी उथळ आहेत, असे माझे ठाम मत आहे.

माझे म्हणणे असे. माणसाला कोंडले की त्याचे अन्न, औषध, बाहेर जाण्याची वाट आणि तक्रार या चारही गोष्टी एकाच हाताखाली येतात. अत्याचार त्या एकवटलेल्या सत्तेतून होतो. वाईट माणसे तिचा फायदा घेतात, पण ती माणसे बदलली तरी ती सत्ता तशीच राहते. म्हणून प्रतिबंधासाठी दिलेला सरकारी पैसा त्याच हातातून जाणार असेल, तर तो कितीही असो, त्या हाताचेच बळ वाढवतो. पैसा द्यायचाच तर तो त्या हाताबाहेरच्यांना द्यावा लागेल: मोजणी करणाऱ्याला, अचानक येऊन पाहणाऱ्याला, कैद्याची बाजू मांडणाऱ्याला, आणि ज्याला आत ठेवण्याचे कारणच नाही त्याला बाहेर काढणाऱ्याला.

झरीच्या सभेने काय तोडले

हा विचार मी तुरुंगापासून सुरू करत नाही. तलासरी तालुक्यातल्या झरी गावापासून करतो. 23 मे 1945 रोजी इथे वारल्यांची परिषद भरली. त्याच वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले होते, आणि सभेचे कार्यकर्ते शामराव व गोदावरी परुळेकर डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर फिरत होते. झरीत जमलेल्या हजारो वारल्यांनी ठरवले की वेठ करायची नाही आणि बारा आण्यांपेक्षा कमी मजुरीवर जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही.

त्या वेळच्या डहाणू-उंबरगावात तुरुंगाच्या भिंती नव्हत्या, तरी हजारो माणसे कैदेत होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचलायची आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबायचे. ही लग्नगड्याची प्रथा. गड्याबरोबर त्याची बायकोही जमीनदाराच्या ताब्यात जाई, आणि त्या ताब्याचा अर्थ काय होता हे गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये कुठेही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. 1939 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात सिमिंग्टन या गोऱ्या अधिकाऱ्यानेही वेठ, मारहाण आणि कुळांच्या बायकांवर जमीनदारांची चालणारी जबरदस्ती यांची नोंद केली होती.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली अशी की अत्याचार उघड करणारी नोंद जमीनदाराच्या वहीत कधीच नव्हती. ती बाहेरून आलेल्यांनी केली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. झरीच्या सभेने दयाळू जमीनदार मागितला नाही, जमीनदाराच्या वाड्यावर चांगला मुकादम नेमा असेही म्हटले नाही. अन्न, काम, कर्ज आणि देह एकाच दाराशी बांधणारी गाठ तिने तोडायला घेतली. मजुरीचा दर ठरला, वेठ नाकारली गेली आणि लग्नगडी मोकळा होऊ लागला. बाईच्या अब्रूचे रक्षण त्यातून आले. बाईच्या अब्रूविषयीचा वेगळा ठराव करून ते आले नसते.

आजचा तुरुंग म्हणजे जमीनदाराचा वाडा नव्हे, तो कायद्याने चालतो, हे मला मान्य आहे. पण बंदिस्त माणसाच्या बाजूने पाहिले तर गाठ तीच आहे. भाकरी ज्याच्याकडून यायची, त्याच्याचविरुद्ध तक्रार करायची, आणि ती तक्रारही त्याच्याच हातातून पुढे जायची.

कायदा कमी पडलेला नाही, एका जागी सोडून

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. नातेवाईक ठाण्याबाहेर ताटकळत उभे होते. पीडितेचे नाव छापायला आज कायद्याने मनाई आहे. हे प्रकरण तिच्याच नावाने ओळखले जाते, तरी मी ते इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, असा तो युक्तिवाद होता. कोठडीत उभ्या असलेल्या मुलीला 'नाही' म्हणणे किती परवडते, हा प्रश्न त्या निकालपत्राला पडलाच नाही. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा झाला, आणि संबंध घडल्याचे सिद्ध झाल्यावर स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले तर तसेच गृहीत धरण्याची तरतूद पुरावा कायद्यात आली.

म्हणजे कठोर कायद्याला चाळीस वर्षे उलटून गेली. लहान मुलांसाठी 2012 चा पोक्सो आला. त्यात पोलीस, तुरुंग आणि बालगृहातल्या कर्मचाऱ्यांचा गुन्हा वाढीव गंभीरतेचा धरला आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. शिक्षा वाढवण्याची शिडी आपण जवळजवळ शेवटच्या पायरीपर्यंत चढून आलो आहोत. पण शिक्षा होण्याआधी खटला लागतो, त्याआधी गुन्ह्याची नोंद, आणि त्याही आधी तक्रार. कोंडलेल्या माणसाची तक्रार पहिल्याच पायरीवर मरते. फाशीची मागणी करणाऱ्यांची नजर शेवटच्या पायरीवर असते.

एका जागी मात्र कायदाच तोकडा आहे, आणि ती जागा तुरुंगात सर्वात मोठी आहे. 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात 5,73,220 कैदी होते. त्यांत स्त्रिया 23,772, म्हणजे जेमतेम चार टक्के. उरलेले बहुतेक सगळे पुरुष. आपल्याकडे बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे. प्रौढ पुरुषावर जबरदस्ती झाली तर जुन्या दंड संहितेतल्या कलम 377 चा आधार होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ते कलम उरलेच नाही. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला 2019 च्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे. बराकीत दांडगाईने दाबला गेलेला विशीतला कच्चा कैदी आज तक्रार करायला गेला, तर त्याच्यावर घडलेल्या गोष्टीला नेमके नाव देणारे कलम पोलिसाला सापडणार नाही. ही चूक संसदेने केली आहे आणि संसदेनेच दुरुस्त केली पाहिजे. तुरुंगातला लैंगिक अत्याचार म्हणजे फक्त स्त्री कैद्यांचा प्रश्न, असे आपण धरून चाललो म्हणून ती कोणाला बोचलीही नाही.

न्यायालयाला हे 1983 मध्येच दिसले होते

1982 मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात जाऊन पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेंचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतले, निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला, आणि फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे स्त्री पोलीस. स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांसमोरच. अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवणे. शहरातल्या कोठड्यांना सत्र न्यायाधीशांची अचानक भेट. आरोपी समोर आला की दंडाधिकाऱ्याने स्वतःहून विचारायचे, तुझा छळ झाला का.

हा निकाल बारकाईने वाचला तर जाणवते की न्यायालयाने बहुतेक उपाय कोठडीच्या बाहेरून आणले: वकील, न्यायाधीश, दंडाधिकारी. ही समज माझ्या मते अचूक होती. पण न्यायालयाचा आदेश म्हणजे अर्थसंकल्पातली तरतूद नव्हे. अटक कळल्यावर धावत जाणाऱ्या वकिलाला मानधन कोण देणार, त्याच्या गाडीभाड्याचे काय, अचानक भेट देणाऱ्या न्यायाधीशाच्या अहवालाचा पाठपुरावा कोण करणार, हे निकालात बसत नाही. पैसा दुसऱ्याच वाटेने गेला.

आजचा पैसा भिंतीला जातो

2002-03 मध्ये केंद्राने तुरुंग आधुनिकीकरणाची योजना आणली, 1,800 कोटींची, केंद्र 75 आणि राज्ये 25 टक्के. तिचा मोठा भाग नव्या इमारतींवर गेला. गर्दीत अत्याचार वाढतो, त्यामुळे त्या खर्चाला मी वायफळ म्हणणार नाही. 2021 ते 2026 या काळासाठी 950 कोटींची दुसरी योजना आली. तिचा भर कॅमेरे, धातुशोधक चौकटी, जॅमर, व्हिडिओ सुनावणी अशा सुरक्षा सामग्रीवर ठेवला गेला. आणि 2023 च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांना जामीन व दंडाच्या रकमेसाठी मदत करणारी योजना जाहीर झाली: वर्षाला 20 कोटी, देशभरासाठी. तेव्हाच्या नियमांनुसार कच्च्या कैद्याला 40 हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याला दंडापोटी 25 हजारांपर्यंत. हे पैसेही राज्यांनी धड उचलले नाहीत, म्हणून केंद्राला त्यांना पुन्हा पुन्हा पत्रे लिहावी लागली.

कॅमेरे, जॅमर अशा सामग्रीला वर्षाकाठी सरासरी 190 कोटी आणि जामिनासाठी 20 कोटी. हे प्रमाण प्रतिबंधाविषयीची आपली कल्पना उघडी करते. आपल्याला वाटते की धोका कैदी बाहेर पळण्यात आहे. आत घडणाऱ्या गोष्टीचा धोका आपल्या हिशेबात नाही.

कॅमेऱ्यांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण प्रत्येक चर्चा तिथेच येऊन थांबते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. 2025 च्या सप्टेंबरात, कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांनंतर, त्याच न्यायालयाला कॅमेरे चालू का नसतात याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. कॅमेरा बिघडतो हे कारण वरवरचे आहे. पडदा ज्या खोलीत असतो त्या खोलीत बसणारा, चित्रण किती दिवस ठेवायचे ते ठरवणारा आणि 'त्या रात्री वीज नव्हती' असे लिहून देणारा, हे तिघे एकाच खात्याचे नोकर असतात. शिवाय न्हाणीघर, संडास, झडतीची खोली या जागी कॅमेरा नसतो, आणि नसायलाच हवा. अत्याचार करणाऱ्याला या जागा पाठ असतात. ज्याचे चित्रण पाहण्याचा हक्क त्या खात्याबाहेरच्यांकडे आहे तोच कॅमेरा उपयोगाचा, आणि तो हक्क बजावणारी वेगळी माणसे नेमायला पैसे लागतात.

घराला अनुदान, घर उघडणाऱ्याला काय?

बिहारमधल्या मुझफ्फरपूरचे बालिकागृह सरकारी पैशावर चालत होते. हिशेब जमत होते, तपासणी अधिकारी येऊन जात होते. मुलींवर काय गुजरते आहे हे बाहेर आले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' प्रकल्पातल्या तरुण कार्यकर्त्यांमुळे. बिहार सरकारनेच त्यांना राज्यातल्या 110 संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण करायला सांगितले होते. ते मुलींजवळ बसले, त्यांना बोलू दिले आणि 2018 मध्ये अहवाल दिला. 2020 मध्ये संस्थाचालकाला जन्मठेप झाली. अनुदानाच्या मानाने अशा पाहणीचा खर्च किरकोळ असतो. वर्षानुवर्षांच्या अनुदानाने जे झाकले, ते या किरकोळ पैशाने उघडे केले, कारण तो पैसा संस्थाचालकाच्या हातून गेला नव्हता.

हे बिहारमध्येच घडते असे समजू नये. झरी आणि तलासरी ठाणे जिल्ह्यात असताना, 2010 मध्ये, त्याच जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या बालगृहातले मृत्यू, उपासमार आणि लैंगिक अत्याचार उघडकीला आले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातल्या अशा बालगृहांची देखरेख करायला टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. इथेही घर उघडले ते बाहेरच्या माणसांनी. 2015 च्या बालन्याय कायद्यात कलम 55 आहे. बाहेरच्या व्यक्ती वा संस्थांकडून बालगृहांचे मूल्यमापन करून घेण्याची त्यात सोय आहे. तरीही अशी पाहणी कोणा न्यायालयाला धक्का बसला की होते, आणि मग वर्षानुवर्षे थांबते.

आश्रमशाळा ही सुधारगृह नाही, पण डहाणू-तलासरीच्या वाचकाला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 2016 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेत मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले. सहा-सात वर्षांचे मूल घरापासून दूर, जेवण-झोप-शाळा सगळे एका आवारात, घरी फोन करायचा तर त्याच आवारातल्या कोणाचा तरी. गुन्हा न करता ते मूल त्याच रचनेत जाते.

मोजणी वाढली की तक्रारी वाढतात, आणि तसेच व्हायला हवे

अमेरिकेने 2003 मध्ये तुरुंगातला बलात्कार रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला, दोन्ही पक्षांनी एकमताने. त्यात सरकारी निधी होता, पण माझ्या मते त्याहून मोलाच्या दोन गोष्टी होत्या. एक, कैद्यांना थेट, निनावी विचारून पाहणी करायची. 2011-12 च्या पाहणीत तुरुंगातल्या चार टक्के कैद्यांनी मागच्या वर्षभरात अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि कैद्यांनी केलेल्या अत्याचारापेक्षा कर्मचाऱ्यांनी केलेल्या अत्याचाराचे प्रमाण किंचित जास्तच निघाले. दोन, 2012 मध्ये राष्ट्रीय मानके आली आणि ती न पाळणाऱ्या राज्याच्या तुरुंगांसाठीच्या काही केंद्रीय अनुदानांतून पाच टक्के कापण्याची तरतूद लागू झाली.

मानके लागू झाल्यावर काय झाले? 2011 मध्ये तिथल्या तुरुंगांनी नोंदवलेल्या तक्रारी 8,768 होत्या, 2015 मध्ये त्या 24,661 झाल्या. आपल्याकडे एखाद्या तुरुंगाधिकाऱ्याने असा आकडा दाखवला तर त्याची बदली होईल. पण हा आकडा बहुतांशी अत्याचार वाढल्याचा नव्हता, बोलण्याची सोय वाढल्याचा होता. इथून एक व्यावहारिक नियम निघतो, आणि मला तो या लेखातला सर्वात महत्त्वाचा वाटतो: अनुदान कधीही 'तक्रारी कमी असणे' या निकषाला बांधू नये. तसे बांधले की संस्था अत्याचार थांबवणार नाही, तक्रारी थांबवील. शून्य तक्रारींचा तुरुंग हा पहिल्यांदा तपासायचा तुरुंग आहे.

आपल्याकडे अशी निनावी पाहणी केलेली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालय दरवर्षी तुरुंगांचा जाडजूड अहवाल काढते, पण त्यातला प्रत्येक आकडा तुरुंगानेच भरून पाठवलेला असतो.

अमेरिकेचे गोडवे गायचा माझा हेतू नाही, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वात कडू पुरावाही तिथेच आहे. कॅलिफोर्नियातल्या डब्लिन इथल्या स्त्रियांच्या संघीय तुरुंगात वॉर्डनसकट अनेक कर्मचाऱ्यांनी कैदी स्त्रियांवर अत्याचार केले. वॉर्डनला 2022 मध्ये दोषी ठरवले गेले. हा माणूस त्याच तुरुंगात लैंगिक अत्याचार-प्रतिबंधाच्या कामाचा प्रमुख राहिलेला होता, कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण देत होता. तुरुंग 2024 मध्ये बंद करावा लागला आणि शंभरावर स्त्रियांना मिळून सुमारे अकरा कोटी साठ लाख डॉलर भरपाई द्यायचे सरकारने कबूल केले. कायदा होता, निधी होता, प्रशिक्षण होते. सगळे एकाच दारातून आत गेले, आणि दारावर तो बसला होता.

येणारे आक्षेप

'स्त्री कर्मचारी वाढवा, प्रश्न सुटेल.' स्त्री कर्मचारी वाढल्याच पाहिजेत, पण तेवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी भायखळ्याचा तुरुंग आठवावा. जून 2017 मध्ये तिथे एका स्त्री कैद्याचा मारहाणीने मृत्यू झाला. शिधावाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, या कारणावरून. तिच्यावर लैंगिक अत्याचारही झाल्याचे प्रत्यक्षदर्शी कैदी स्त्रीने सांगितले. खुनाचा गुन्हा दाखल झाला तो सहा कर्मचाऱ्यांवर, सगळ्या स्त्रिया. खटल्याचा निवाडा न्यायालय करील. इथे मला एवढेच म्हणायचे आहे की सत्ता एकवटलेली असली तर ती कोणाच्या हातात आहे याने फरक पडतो, पण पुरेसा पडत नाही. आणि हे बाहेर कसे आले? दोनशेवर कैदी स्त्रियांनी आवारात गोंधळ घातला म्हणून. तक्रारपेटी तुरुंगात असते. हे बाहेर आले ते त्या पेटीतून नव्हे.

'गुन्हेगारांवर एवढा खर्च कशाला, पीडितांना मदत नाही.' हा आक्षेप मी हलका मानत नाही. गावात बलात्कार सोसलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात तासन्‌तास बसवून ठेवतात तेव्हा हा प्रश्न कोणालाही पडेल. पण 2022 मध्ये देशातले सुमारे 76 टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे त्यांचा गुन्हा शाबीत व्हायचा होता. ज्यांचा झाला त्यांनाही न्यायाधीशाने कैद सुनावली आहे. बलात्कार कोणत्याही शिक्षेचा भाग नाही. दोन्ही पीडितांचा पैसा एकमेकांच्या ताटातून काढण्याची गरज नाही, तो जॅमरच्या ताटातून काढता येतो.

'खोट्या तक्रारी येतील, शिस्त बिघडेल.' काही येतील. त्या तपासायला बाहेरचा तपासनीस असेल तर प्रामाणिक कर्मचाऱ्याचीही त्यातून सुटका होते, कारण आज त्याच्यावरचा संशय कधीच पुरता फिटत नाही. तुरुंगातला शिपाई स्वतः अपुऱ्या मनुष्यबळात, क्षमतेच्या दीडपटीहून जास्त भरलेल्या बराकींसमोर उभा असतो, हे महाराष्ट्रापुरते तरी खरे आहे. त्याचे काम बाहेरच्या नजरेने अवघड होत नाही.

झरीतून पाहिले तर

आता पैसा नेमका कुठे लागतो ते झरीच्या माणसाच्या वाटेने पाहू. तलासरीत अटक झाली, डहाणूच्या न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली, की कैदी जातो ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात, शंभरावर किलोमीटर दूर. त्याच्या आईला मुलाखतीला जायचे तर झरीहून तलासरी, तलासरीहून डहाणू, तिथून लोकलने वसई किंवा दादर, आणि पुढे ठाणे. दोन माणसांची मजुरी बुडते, भाडे वेगळे. आधारकार्डावरचे नाव आणि कैद्याने सांगितलेले नाव जुळले नाही तर फाटकावरूनच परत. जुळले, तर काचेपलीकडे मुलगा, हातात बोलण्याचा फोन, आणि काही मिनिटे. त्या मिनिटांत ती वारलीत विचारणार, तब्येत कशी आहे. मागे शिपाई उभा. तो मुलगा त्या फोनवर काय सांगू शकेल?

पुढची पायरी जामिनाची. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार लागतो, जामीनदाराला सातबारा किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतो. वनहक्काच्या पट्ट्यावर जगणाऱ्या नातेवाइकाकडे विकता-गहाण टाकता येईल अशी जमीन नसते. म्हणून जामीन मिळालेला माणूस आत राहतो, सर्वात दुबळ्या कैद्यांपैकी एक होऊन: भाषा वेगळी, भेटायला कोणी नाही, खात्यात कॅन्टीनपुरते पैसे नाहीत. बराकीत कोणावर हात टाकायचा हे ठरवणाऱ्याला असाच माणूस हवा असतो. म्हणून जामिनासाठीची रक्कम ही माझ्या लेखी अत्याचार-प्रतिबंधाचीच रक्कम आहे, कदाचित सर्वात परिणामकारक. बारसे निकालाने सांगितलेला वकील, मानधन घेऊन, अटकेच्या दिवशीच आला आणि ऐपतीऐवजी वैयक्तिक हमीवर सुटकेचा अर्ज केला, तर धोक्याचे कित्येक महिने वाचतात.

जे आतच राहणार त्यांच्यासाठी बाहेरची माणसे आत जायला हवीत, रोजच्या कामाचा भाग म्हणून. टाटा संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते 1990 पासून महाराष्ट्रातल्या तुरुंगांत जातात. हे काम मुख्यतः देणग्यांवर आणि संस्थेच्या बळावर चालावे, ही राज्याला भूषणावह गोष्ट नाही. प्रत्येक मध्यवर्ती आणि जिल्हा कारागृहात तुरुंग खात्याबाहेरून पगार घेणारा समाजकार्यकर्ता हवा, आणि ठाण्यासारख्या ठिकाणी वारली बोलणारा. तक्रारीनंतर वैद्यकीय तपासणी तुरुंगाच्या डॉक्टरकडे न होता सरकारी रुग्णालयात, चोवीस तासांत, आणि तिचा खर्च व पोलीस पार्टी, म्हणजे कैद्याला नेणारा बंदोबस्त, यांची तरतूद आधीच केलेली हवी. 'पार्टी मिळाली नाही' या तीन शब्दांत कित्येक पुरावे धुतले जातात.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर 1997 मध्ये सही केली, पण तो मंजूर केलेला नाही. बंदिस्त जागांना बाहेरच्यांनी न सांगता भेट द्यायची व्यवस्था त्याच कराराला जोडलेल्या ऐच्छिक पूरक करारात आहे. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. तुरुंग हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्र सरकार पुढच्या अर्थसंकल्पात कारागृह, निरीक्षणगृहे, बालगृहे आणि आश्रमशाळा यांच्या एकूण तरतुदीतला ठरावीक भाग विधी सेवा प्राधिकरणाकडे वळवू शकते, त्यातून निनावी पाहणी करून तिचे आकडे विधिमंडळासमोर ठेवू शकते, आणि अचानक भेटीचा अहवाल तीस दिवसांत न स्वीकारणाऱ्या संस्थेच्या अनुदानाचा पाच टक्के हप्ता रोखू शकते. ती पाहणी सुरू करायला ठाण्याचे कारागृह योग्य जागा आहे, आणि पहिले प्रश्न विचारायला वारली येणारी माणसे डहाणू-तलासरीत मुबलक आहेत.